अर्धा किलो मटण, नऊ ताटे : कोल्हापुरी रश्श्याच्या घरगुती अर्थकारणाचा इतिहास

प्रास्ताविक

कोल्हापूरच्या खाद्यपरंपरेविषयी जे लेखन उपलब्ध आहे, त्यात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे वर्णन बहुधा दोन अंगांनी केलेले आढळते. एक अंग संस्थानी वैभवाचे. राजवाड्यावरील मुदपाकखाना, शिकारीचा शौक, सरदार-मानकऱ्यांच्या पंगती यांचे दाखले देऊन रश्श्याला राजघराण्याचा वारसा जोडला जातो. दुसरे अंग रांगडेपणाचे. तालमीतील पैलवान, खासबागेचे मैदान, मिरचीचा ठसका आणि ‘ओरपून’ खाण्याची रीत यांच्या आधारे तो मर्दानी बाण्याचा पदार्थ ठरवला जातो. या दोन्ही वर्णनांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मटणाची मुबलकता.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे. घरगुती रूपातील तांबडा-पांढरा रस्सा हा मुबलकतेचा नव्हे, तर तुटीचा पदार्थ आहे. थोडे मटण पुष्कळ माणसांना पुरवण्याची, आणि ते पुरवताना घराची अब्रूही राखण्याची ती एक अत्यंत विकसित रीत आहे. मात्र ही रीत केवळ पाकतंत्राची बाब नाही. पातेल्यातील मटण कितीही कौशल्याने वाढवले तरी ते अखेर वाटावे लागते, आणि वाटणीत जी तूट उरते ती कोणीतरी सोसावी लागते. ही तूट कोणी सोसली, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे. छापील पाकशास्त्र, कुटुंब-खर्चाच्या पाहण्या, दलित आत्मकथने आणि प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या घरातील अनुभव अशा चार प्रकारच्या साधनांचा येथे आधार घेतला आहे. शेवटचे साधन इतिहासलेखनात काहीसे संकोचाने वापरले जाते. परंतु स्वयंपाकघराच्या इतिहासात त्याला पर्याय नाही, असे आमचे मत आहे.

एका पातेल्याचे तीन पदार्थ

प्रथम रीत पाहू. मटण धुऊन त्याला हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण लावले जाते आणि थोड्या तेलावर कांदा परतून त्यात ते घातले जाते. पातेल्यावर झाकण म्हणून पाण्याने भरलेले ताट ठेवतात. ताटातील पाणी तापले की तेच मटणात ओतायचे आणि ताटात पुन्हा गार पाणी भरायचे. गार पाणी थेट घातले तर मटण चिवट होते, असे जुन्या बायका सांगतात. यातून जे पातळ, पिवळसर, मसाला न घातलेले पाणी तयार होते त्याला कोल्हापुरात ‘अळणी’ म्हणतात. नाव अळणी असले तरी त्यात मीठ असते. त्यात नसते ती चटणी.

येथून एकाच पातेल्याच्या तीन वाटा फुटतात. शिजलेल्या फोडी काढून घेऊन, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतून त्यांचे सुक्के मटण होते. अळणीच्या एका भागात भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा रस्सा होतो. उरलेल्या भागात ओल्या नारळाचे दूध, तीळ-खसखशीचे आणि परवडत असल्यास काजूचे वाटण घालून पांढरा रस्सा होतो. लहान मुलांसाठी आणि बाळंतिणीसाठी वाटीभर अळणी आधीच बाजूला काढलेले असते. म्हणजे मटण एकदाच विकत घेतले जाते, एकदाच शिजते आणि ताटात तीनदा येते.

राजघराण्याच्या वारशाविषयी येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. मिरची आणि काजू ही दोन्ही अमेरिका खंडांतून पोर्तुगिजांच्या मार्गे सोळाव्या शतकात या भूमीत आलेली पिके आहेत. तांबड्याचा तांबडेपणा आणि पांढऱ्याचा दाटपणा हे आजच्या रूपात त्याहून प्राचीन असू शकत नाहीत. नारळ कोकणातला, गगनबावडा आणि फोंडा या घाटवाटांनी तो देशावर येत असे. घाटमाथ्याच्या अलीकडची ज्वारी, तांदूळ व मिरची आणि पलीकडचा नारळ यांच्या देवघेवीतून हा पदार्थ उभा राहिला आहे. एखाद्या राजवाड्यापेक्षा त्याचे नाते बाजारपेठेशी अधिक जवळचे आहे.

आता हिशेब. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, मंगळवार पेठेतील घरात आजी, आई-वडील, काका-काकी आणि चार मुले अशी नऊ माणसे होती. वडील उद्यमनगरातील एका फौंड्रीत कामाला होते. पगार झाल्यानंतरच्या रविवारी अर्धा किलो मटण येई. पाचशे ग्रॅममध्ये साधारण चौथा हिस्सा हाड धरले तर पावणेचारशे ग्रॅम मांस राहते. शिजताना ते आटते व पाऊण हिश्श्याहूनही कमी उरते. नऊ ताटांवर समान वाटल्यास प्रत्येकी जेमतेम तीस ग्रॅम, म्हणजे दोन लहान फोडी. दोन फोडींवर कोणाचे जेवण होत नाही. पण दोन फोडी, वाटीभर तांबडा, वाटीभर पांढरा, तीन भाकरी आणि वर भात असे ताट समोर आले की ते ‘मटणाचे जेवण’ ठरते. त्या दिवशी मांस नेहमीपेक्षा किती जास्त खाल्ले जात होते हा प्रश्न गौण आहे. धान्य मात्र नेहमीपेक्षा निश्चितच जास्त खाल्ले जाई. रश्श्याचे आर्थिक कार्य नेमके हे होते: महाग वस्तूच्या चवीने स्वस्त वस्तू पोटभर खाऊ घालणे.

पाणी टाकायचे नाही

या रीतीमागील तत्त्व मटणापुरते मर्यादित नाही. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजवून तिचे पाणी काढले जाते. पुण्याकडे त्याला कट म्हणतात, आमच्याकडे येळवणी. त्या येळवण्याची आमटी होते, आणि पोळीइतकीच तिचीही वाट पाहिली जाते. डाळीचे येळवणी आणि मटणाचे अळणी यांत पाकशास्त्रीय फरक पुष्कळ असेल, परंतु शिस्त एकच आहे. ज्या पाण्यात काही शिजले ते पाणी टाकायचे नाही. पंचपक्वान्नांत गणल्या जाणाऱ्या सणाच्या जेवणातही हीच शिस्त दिसते, हे लक्षात घेतले की रश्श्याला केवळ मांसाहाराच्या चौकटीत ठेवून चालत नाही.

अर्थात पाण्याने सगळे भागत नव्हते. पहिला उपाय वेळापत्रकाचा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातील गुरुवार एवढे दिवस वजा केल्यावर मटणाचे दिवस मोजकेच उरत. व्रतामागे काटकसर होती असे म्हणणे उथळपणाचे होईल. श्रद्धेचे स्पष्टीकरण वाण्याच्या वहीत शोधू नये. परंतु व्रताने काटकसरीला प्रतिष्ठा दिली, एवढे म्हणता येते. ‘आज परवडत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आज वार आहे’ म्हणणे सोपे असते. घरात एखादा माळकरी असला तर त्याच्यासाठी भांडी वेगळी ठेवावी लागत, चूल परसात मांडावी लागे, आणि हिशेबातील एक ताट कमी होई. या उलट आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला, धुळवडीला, गावच्या म्हाईला मटण टाळता येत नसे, आणि त्या दिवशी पाहुणेही टाळता येत नसत. ‘पाहुणं आलं, रस्सा वाढवा’ हे वाक्य आमच्याकडे विनोदाने म्हटले जाते. ते मुळात विनोद नसावे.

दुसरा उपाय खरेदीचा. गावाकडे चार-आठ घरे मिळून एक बकरे घेत आणि त्याचे वाटे घालत. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडे हाड, थोडी चरबी, थोडे मऊ मांस यावे असा दंडक असे. दुकानाचा नफा वाचे आणि पैसे पुढे-मागे देता येत. शहरात ही सोय कमी. तेथे स्वस्त भागांकडे वळावे लागे. मुंडी, पाय, वजडी, रक्ती ही मटणापेक्षा नेहमीच स्वस्त. पण ही स्वस्ताई फसवी आहे, कारण दुकानदार जी किंमत कमी करतो ती घरातील कोणाच्या तरी मनगटातून वसूल होते. मुंडी आणि पाय जाळावर भाजून, खरवडून केस काढावे लागतात. वजडी गरम पाण्यात आणि चुन्यात पुन्हापुन्हा धुवावी लागते. एवढे करूनही तिचा वास हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. पाटा-वरवंट्यावर खोबरे, तीळ, कांदा बारीक वाटणे हे वेगळेच. रश्श्याला अंग येते ते वाटणाने, आणि वाटण जितके बारीक तितके मटण कमी लागते. म्हणजे मांसाची जागा श्रमाने भरून काढली जात होती, हे शब्दशः खरे आहे.

इंधनाचाही येथे विचार करावा लागतो. पायांचा किंवा हाडांचा रस उतरायला चुलीवर तीन-चार तास लागत. शेणी घरच्या असत तोवर ते परवडे. भुशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह आला तसा जाळाचा खर्च दिसू लागला. भारतात १९५९ च्या सुमारास तयार होऊ लागलेला प्रेशर कुकर सामान्य घरात पुष्कळ उशिरा पोहोचला. आमच्या आजीचा त्यावर अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. कुकरचा रस्सा ‘घाईचा’ असतो, असे ती म्हणत असे.

पॅरिसमधील एक वाद

हाडांतून उतरणाऱ्या रसाला पोषणमूल्य किती, हा प्रश्न युरोपात फार पूर्वी आणि अत्यंत गंभीरपणे विचारला गेला होता. कोल्हापूरच्या पातेल्याशी त्याचा संबंध दूरचा वाटेल, पण तो वाद येथे उपयोगी पडतो. डेनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये वाफेच्या दाबावर चालणारे एक भांडे तयार केले. आजच्या कुकरचा तो पूर्वज. त्याचा एक हेतू टाकाऊ हाडांतून गरिबांसाठी अन्न काढणे हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाडांपासून जिलेटिन काढून त्याचे सूप इस्पितळांत आणि धर्मादाय संस्थांत पुरवण्याची योजना हिरिरीने राबवली. जिलेटिन हे मांसाची जागा घेते असा त्याचा दावा होता. पुढे तक्रारी वाढल्या तेव्हा विज्ञान अकादमीने शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माझांदी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. १८४१ च्या अहवालात समितीने केवळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाहीत असा निष्कर्ष दिला. त्याचे कारण पुढे उलगडले. शरीराला बाहेरूनच मिळवावे लागणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये नसते.

याच काळात म्युनिकमध्ये काउंट रम्फर्ड यांनी दुसरा मार्ग काढला होता. १७९० च्या दशकात भिकाऱ्यांसाठी चालवलेल्या श्रमगृहात त्यांनी जव, वाटाणे आणि पुढे बटाटे घालून दाट सूप दिले. त्यात मांसावर भर नव्हता. भर होता धान्य आणि कडधान्य दीर्घकाळ शिजवण्यावर.

या दोन उदाहरणांच्या मध्ये कोल्हापूरचे ताट ठेवून पाहावे. अळणीत उतरणारे सत्त्व मुख्यतः जिलेटिन, चरबी आणि चव यांचे असते. केवळ रस्सा पिऊन कोणी पैलवान होत नाही, हे माझांदी समितीने आपल्याला आधीच सांगून ठेवले आहे. परंतु आपल्याकडे रस्सा एकटा कधी आला नाही. तो भाकरीबरोबर आला, भाताबरोबर आला; दख्खनी मुसलमान घरांत तो डाळ आणि दुधी भोपळ्यात मिसळून दालचा होऊन आला. दार्से यांची चूक आमच्या आज्यांनी केली नाही. त्यांनी रश्श्याला मांस मानले नाही, मांसाची आठवण मानले. मात्र यातून एक कटू अनुमान निघते. ज्याच्या ताटात फोडी आणि रस्सा दोन्ही पडले त्याला मांस मिळाले. ज्याच्या ताटात रस्साच पडला त्याला केवळ चव मिळाली. कोणाच्या ताटात काय पडले हे म्हणूनच दुय्यम राहत नाही.

छापील पाकशास्त्राचे मौन

याचे उत्तर पाककृतींच्या पुस्तकांत शोधावे तर निराशा होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे १९१० मधील पुस्तक मराठीतील मांसाहारी पाकक्रियांचा फार मोठा ठेवा आहे. पण ते मुंबईच्या सुस्थित पाठारे प्रभू समाजातून आलेले आहे. छापील पाककृतीची सुरुवात बहुधा मटण पुरेसे आहे असे धरूनच होते. घरात नऊ माणसे असताना अर्धाच किलो आला आहे, पुढे काय, येथून एकही कृती सुरू होत नाही. लिहिणारी स्त्री साक्षर होती, तिची वाचक साक्षर होती, आणि ज्या घरात पुस्तक विकत घेता येत होते त्या घरात तूट हा सांगण्याजोगा विषय नव्हता.

तुटीचे वर्णन आपल्याला मिळते ते दलित आत्मकथनांत. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. मृत जनावराचे मांस गावकीच्या हक्काने मिळणे, त्याची वाटणी, त्यावरील भांडणे आणि उरलेल्या मांसाच्या पट्ट्या कापून वाळवणे, असे एक संपूर्ण जग या साहित्याने उघडे केले. वाळवलेल्या पट्ट्यांना चान्या म्हणतात. पुढे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित खाद्यपरंपरेची सविस्तर नोंद केली.

येथे मांस पुरवण्याच्या दोन रीतींतील भेद स्पष्ट होतो. पेठेतील घर मटण ताटांवर पुरवत होते. महारवाड्यातील घर मांस दिवसांवर पुरवत होते. एकाला थोडेसे, पण ठरावीक दिवशी आणि विकत मिळे. दुसऱ्याला अचानक पुष्कळ मिळे आणि मग कित्येक दिवस काही मिळत नसे. पहिल्या रीतीतून रस्सा निर्माण झाला व तो जिल्ह्याची ओळख बनला. दुसऱ्या रीतीतून चान्या निर्माण झाल्या व त्या खाणाऱ्याच्या अपमानाची खूण बनल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले ते या अपमानाचे मूळ तोडण्यासाठी. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द केले होते, आणि १९२० च्या माणगाव परिषदेत आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले होते, ही पार्श्वभूमी येथे विसरता येत नाही. काटकसरीचे कौतुक करताना एकाच जिल्ह्यातील दोन काटकसरींपैकी आपण कोणत्या काटकसरीचे कौतुक करतो, हे तपासून पाहिले पाहिजे.

वाटणी

आता घराच्या आत येऊ. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने ना. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची जी सामाजिक पाहणी केली, तिचा कौटुंबिक आणि सामाजिक जीवनावरील खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थान नुकतेच, १ मार्च १९४९ रोजी, मुंबई प्रांतात विलीन झाले होते. एखाद्या मराठी शहराकडे इतक्या बारकाईने पाहण्याचे भाग्य त्या काळी फार थोड्यांना लाभले. तरीही अशा सर्वच पाहण्यांची एक मर्यादा आहे. त्यांचे एकक कुटुंब असते. घरात किती खर्च झाला ते कळते; घरात आलेली वस्तू कोणाच्या मुखी गेली ते कळत नाही.

किंबहुना अनेकदा ते आधीच ठरवून टाकलेले असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुटुंब-खर्चाच्या पाहण्यांत लस्क यांचे कोष्टक प्रचलित होते. त्यात प्रौढ पुरुष १ धरल्यास प्रौढ स्त्री ०.८३ धरली जाई. हे प्रमाण एकूण ऊर्जेच्या गरजेवरून काढलेले होते आणि त्या दृष्टीने ते अगदीच निराधार नव्हे. परंतु लोहाचा हिशेब याच्या उलट आहे. पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांमुळे त्या वयातील स्त्रीला पुरुषापेक्षा अधिक लोह लागते, आणि मांसातील लोह शरीर धान्यातील लोहापेक्षा अधिक सहज शोषून घेते. अर्थात, फोडींची वाटणी गरजेप्रमाणे करायची ठरवली असती तर सुनेच्या ताटात जास्त फोडी पडायला हव्या होत्या.

प्रत्यक्षात काय होत होते? आमच्या घरी वाढण्याचे काम आजीकडे होते आणि तिचा क्रम कधी चुकला नाही. आधी वडील व काका, कारण ते ‘जाळात’ काम करत. मग आम्ही मुले, त्यातही मुलगे आधी. नळी माझ्या ताटात पडायची. ती ठोकून आतला मगज ओढताना होणारा आवाज मला अजून आठवतो. मग आजी स्वतः. शेवटी आई आणि काकी पातेले मध्ये ठेवून बसत. पातेल्यात तोवर रस्सा असे, तळाला मसाला असे आणि असलीच तर एखादी चुकली-माकली फोड. दोघी ती एकमेकींकडे सरकवत. त्या फोडीचे पुढे काय होई हे मी कधी पाहिले नाही, कारण तोवर आम्ही खेळायला गेलेलो असू.

या लेखाच्या निमित्ताने आईला विचारले, ‘तुम्हाला किती फोडी यायच्या गं?’ तिला प्रश्नच विचित्र वाटला. ‘रस्सा असायचा की,’ ती म्हणाली. थोडा वेळ गेल्यावर तिने आपणहून सांगितले की दुसऱ्या वेळी दिवस गेले असताना दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या, आणि सासूबाईंनी तेवढे तीन महिने कलेजी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. आजीला लस्कचे कोष्टक ठाऊक नव्हते, पण कोणाला केव्हा काय लागते हे ठाऊक होते. बाळंतपण झाले आणि कलेजी पुन्हा पुरुषांच्या ताटात गेली.

अमर्त्य सेन यांनी १९९० मधील एका प्रसिद्ध निबंधात कुटुंब हे सहकार्य आणि संघर्ष यांचे एकत्र स्थान असते असे मांडले आहे. आपल्या वाट्याला कमी आले आहे ही जाणीवच नसणे हाही त्या विषमतेचा भाग असतो, असे त्यांचे म्हणणे. आईचे उत्तर ऐकताना त्याची आठवण झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांत तो २५ टक्के होता. महाराष्ट्रातही स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. याचा सगळा दोष मटणाच्या वाटणीला देणे अशास्त्रीय ठरेल. शाकाहारी घरांतही रक्तक्षय आहे आणि त्याची कारणे अनेक आहेत. परंतु वाढण्याचा जो क्रम मटणाला होता, तोच दुधाला, अंड्याला आणि दवाखान्यात नेण्यालाही होता.

रस्त्यावरचा हिशेब

घरातील या हिशेबाला सार्वजनिक रूप आले ते २०१९ च्या अखेरीस. कोल्हापुरात मटणाचा दर किलोमागे पाचशे रुपयांच्या पुढे गेला आणि नागरिक रस्त्यावर उतरले. पेठांतील तालमी व मंडळे, कृती समिती, विक्रेते आणि प्रशासन यांच्यात बैठका झाल्या, दुकाने बंद राहिली, आणि वाद २०२० च्या जानेवारीपर्यंत चालला. राज्यातील इतर शहरांतील वृत्तपत्रांनी याकडे काहीसे गमतीने पाहिले. ‘मटणासाठी आंदोलन’ हा मथळाच वाचकाला हसवणारा होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे नाही. ई. पी. थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धान्याच्या दंग्यांविषयी लिहिताना दाखवून दिले, की जमाव केवळ भुकेने पेटत नाही. वाजवी दर कोणता याविषयी समाजाची एक नैतिक धारणा असते आणि ती मोडली की तो उठतो. कोल्हापूरचे आंदोलन या वर्णनात बसते. मटण ही चैन असती तर दर वाढल्यावर लोकांनी ते घेणे कमी केले असते. पण ज्या घरात पगाराच्या रविवारी अर्धा किलो आणणे हा रिवाज आहे, तेथे दर वाढला म्हणजे अर्ध्याचा पावशेर होतो, आणि रश्श्यात पाणी वाढवण्यालाही सीमा असते. पावशेराच्या अळणीचे दोन रस्से होत नाहीत. पांढरा आधी जातो, कारण नारळही महाग. मग फक्त तांबडा राहतो. आंदोलनात पुढे दिसले ते बहुतांशी पुरुष. दर परवडत नाही हे ते बोलले. पावशेरात कसे भागवायचे हे ज्यांना ठरवावे लागणार होते, त्यांचे म्हणणे वृत्तांतांत फारसे आले नाही.

आज शहरातील खानावळींत मटणाची थाळी मागवली की सुक्के मटण एका लहान वाटीत मोजून येते आणि तांबडा-पांढरा हवा तेवढा वाढला जातो. बाहेरगावच्या पाहुण्याला हे औदार्य वाटते. वस्तुतः हा पेठेतील स्वयंपाकघराचाच हिशेब आहे. खानावळवाल्याने तो जसाच्या तसा उचलला आणि त्यावर धंदा उभा केला. फरक एवढाच, की येथे पातेले संपले तर दुसरे चढते. भाकरी थापणाऱ्या बायका मागच्या बाजूला बसलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक उठल्यावर, चारच्या सुमारास, त्या जेवतात.